थर्मो-लॅग प्रकरण: तीन तासांचे आवरण दीड तासही का टिकले नाही

ऑक्टोबर १९८९ मध्ये अमेरिकेतील लुइझियाना राज्यातल्या रिव्हर बेंड अणुवीज केंद्राने एक चाचणी करून घेतली. केंद्र गल्फ स्टेट्स युटिलिटीज या कंपनीचे होते आणि चाचणीची भट्टी टेक्सासमधल्या सॅन अँटोनियोच्या साउथवेस्ट रिसर्च इन्स्टिट्यूटची. भट्टीत ३० इंच रुंदीचा ॲल्युमिनियमचा केबल ट्रे, म्हणजे केबल वाहून नेणारी लांब चौकट, टांगला होता. त्याभोवती थर्मो-लॅग ३३०-१ नावाच्या अग्निरोधक साहित्याचे, आगीत तीन तास टिकेल असे रेटिंग सांगितलेले आवरण होते. दीड तास व्हायच्या आतच आवरणाचे तुकडे गळून पडले, केबल पेटल्या आणि ट्रे कोसळला.

हेच साहित्य त्या वेळी अमेरिकेतल्या ७० हून अधिक अणुभट्ट्यांत बसवलेले होते. तरी अमेरिकेच्या अणु नियामक आयोगाने, म्हणजे एनआरसीने, या निकालाची माहिती इतर केंद्रांना कळवली ती ऑगस्ट १९९१ मध्ये. ठोस कारवाई सुरू झाली जून १९९२ मध्ये, आणि शेवटच्या दुरुस्त्या मार्गी लावण्यासाठी १९९८ मध्ये आदेश काढावे लागले. साहित्य का हरले हे समजायला सोपे आहे. नियामकाला इतका वेळ का लागला, हे समजून घेणे जास्त गरजेचे आहे.

आवरणाची गरज कुठून आली

२२ मार्च १९७५ रोजी अलाबामातील ब्राउन्स फेरी केंद्रात कर्मचारी भिंतीतून केबल जातात तिथल्या सीलमधून हवा गळते का, हे पाहत होते. पाहण्याची पद्धत अशी, की मेणबत्ती भोकाजवळ धरायची आणि ज्योत कुठे ओढली जाते ते बघायचे. अणुभट्टीच्या इमारतीत हवेचा दाब मुद्दाम कमी ठेवलेला असतो. त्यामुळे ज्योत भोकात ओढली गेली आणि पॉलियुरेथेन फोम पेटला. आग भिंतीपलीकडच्या केबल ट्रेंमध्ये पसरली आणि सुमारे सात तास जळत राहिली. १,६०० हून अधिक केबल खराब झाल्या. पहिल्या युनिटची आणीबाणीची शीतकरण यंत्रणा हातची गेली. विजेच्या केबलवर पाणी मारायचे की नाही, यावर फार वेळ गेला. अखेर पाणी मारले, तेव्हा आग लवकरच आटोक्यात आली.

अणुभट्टी सुरक्षितपणे बंद करायला दोन स्वतंत्र यंत्रणा असतात. एक गेली तरी दुसरी असावी, हा त्यामागचा हिशेब. पण दोन्हींच्या केबल एकाच खोलीतून जात असतील, तर एक आग दोघींना घेऊन जाते. केबलचे इन्सुलेशन वितळले की पंप बंद पडतात, एवढ्यावरच हे थांबत नाही. एका तारेचा प्रवाह शेजारच्या तारेत शिरतो आणि कुणी बटण न दाबता एखादा व्हॉल्व्ह आपोआप उघडतो. तापल्यावर मऊ होऊन वितळणाऱ्या साध्या थर्मोप्लास्टिक केबलला त्यासाठी सुमारे २०५ अंश सेल्सियस पुरे होतात, तर न वितळणाऱ्या प्लास्टिकची थर्मोसेट केबल सुमारे ३३० अंशांपर्यंत तग धरते.

या आगीनंतर एनआरसीने 'परिशिष्ट आर' हा नियम केला. तो फेब्रुवारी १९८१ पासून लागू झाला आणि मुख्यतः १ जानेवारी १९७९ पूर्वी परवाना मिळालेल्या केंद्रांना बंधनकारक होता. एकाच भागात दोन्ही यंत्रणांच्या केबल असतील, तर तीन पर्याय होते. दोन्हींमध्ये तीन तास टिकणारा अग्निरोधक अडथळा उभारायचा. नाहीतर मधे जळण नसलेले २० फुटांचे आडवे अंतर ठेवायचे आणि सोबत आग ओळखणारी व आपोआप विझवणारी यंत्रणा बसवायची. किंवा एका यंत्रणेच्या केबलला एक तासाचे आवरण घालायचे, तिथेही ओळखणारी आणि विझवणारी यंत्रणा हवीच.

कागदावर हे तीन पर्याय असले, तरी बांधून झालेल्या केंद्राला २० फूट अंतर कुठून आणायचे? नवी काँक्रीटची भिंतही घालता येत नाही, कारण खोली पाइप, ट्रे आणि खांबांनी भरलेली असते. मग आहे त्या ट्रेला आणि कंड्युइटला, म्हणजे केबल असलेल्या नळीला, आवरण घालणे, हाच व्यवहार्य मार्ग उरतो. एका नियमाने रातोरात मोठी मागणी तयार केली आणि ती मागणी बऱ्याच अंशी सेंट लुईसच्या थर्मल सायन्स या एका कंपनीने भागवली.

आवरण कसे बसवतात आणि कुठे फाटते

थर्मो-लॅग पॅनेलच्या रूपात मिळे. नळ्यांसाठी अर्धगोल तयार तुकडे आणि सांधे भरायला करणीने लावायचा लगदा असे. एक तासासाठी पॅनेलची जाडी अर्धा इंच, तीन तासांसाठी एक इंच. आतल्या बाजूला तारेची बारीक जाळी असते. तापल्यावर साहित्य उष्णता शोषत वायूत बदलते, मागे फुगीर कोळशासारखा थर उरतो आणि तो उष्णता अडवतो. ही प्रक्रिया चालू असताना तो थर जागेवर धरून ठेवायचे काम जाळीचे आणि बाहेरून आवळलेल्या स्टेनलेस पट्ट्यांचे असते.

आवरण कमजोर पडते ते सांध्याशी. दोन अर्धगोल तुकडे नळीभोवती बसवायचे तर दोन पद्धती आहेत. कडांना आधी लगदा लावून मग तुकडे दाबून बसवायचे, किंवा कोरडे बसवून वरून फट भरायची. दुसऱ्या पद्धतीत वरून सांधा गच्च दिसतो, पण आत फट राहते. भट्टीत साहित्य आकसले की ती फट उघडते आणि ज्वाला थेट नळीवर येते. कोपऱ्याच्या वळणावर, ट्रेच्या आधारांपाशी आणि जंक्शन बॉक्सच्या कडेला हेच होते, कारण तिथे तुकडे जागेवर कापून बसवावे लागतात.

आकाराचाही मोठा वाटा आहे. रुंद ट्रेखालचा सपाट पॅनेल मध्येच वाकतो आणि सांधे ताणले जातात. लहान नळी मात्र निराळ्या कारणाने हरते. तिचे वस्तुमान कमी आणि पृष्ठभाग तुलनेने जास्त, म्हणून तेवढ्याच जाडीच्या आवरणातून आलेली उष्णता तिला झटकन तापवते. पाऊण इंच नळी आणि पाच इंच नळी यांना एकच आवरण घातले, तर दोघींचा टिकाव सारखा निघत नाही. म्हणून 'या साहित्याचे रेटिंग एक तास' हे वाक्यच अपुरे आहे. रेटिंग असते ते विशिष्ट रुंदीच्या ट्रेला, विशिष्ट सांध्यांनी, विशिष्ट अंतरावर पट्ट्या आवळून केलेल्या संपूर्ण बांधणीचे. थर्मो-लॅगच्या बाबतीत एका आकारावरच्या चाचणीचा निकाल इतर आकारांना सर्रास लावला गेला आणि पडताळणी कुणी मागितली नाही.

कागद बरोबर, चाचणी नाही

सुरुवातीच्या अहवालांवर स्वतंत्र प्रयोगशाळा म्हणून सेंट लुईसच्याच इंडस्ट्रियल टेस्टिंग लॅबोरेटरीजची सही होती. पुढे उघड झाले, की चाचण्यांची मांडणी आणि अहवालांचे काम बव्हंशी थर्मल सायन्सच करत होती. बऱ्याच चाचण्यांत अणुकेंद्रांच्या विमा संघटनेचा निकष वापरला होता. आगीदरम्यान केबलमधून प्रवाह चालू राहिला की चाचणी उत्तीर्ण. विमा कंपनीला नुकसान मोजायचे असते, तेव्हा तो निकष चालेल. अणुभट्टीच्या दृष्टीने तो पुरेसा नाही, कारण प्रवाह चालू असतानाही इन्सुलेशन नाशाच्या उंबरठ्यावर असू शकते. आवरणाच्या आतले तापमान किती झाले, हा प्रश्न बाजूलाच राहिला.

ऑगस्ट १९९२ मध्ये एनआरसीच्या महानिरीक्षकांनी आपल्याच संस्थेबद्दल कठोर अहवाल दिला. कर्मचाऱ्यांनी चाचणी अहवालांची पुरेशी छाननी केली नव्हती आणि आधीच्या दशकात आलेल्या इशाऱ्यांचा पाठपुरावा केला नव्हता. छाननीचे ओझे परवानाधारक कंपन्यांवर, त्यांचे ठेकेदारावर, ठेकेदाराचे उत्पादकावर, आणि उत्पादक दाखवणार एका प्रयोगशाळेची सही. या साखळीत भट्टीसमोर उभा राहिलेला स्वतंत्र माणूस नव्हता. ३ मार्च १९९३ रोजी अमेरिकी संसदेच्या प्रतिनिधीगृहाच्या उपसमितीने, जॉन डिंगेल यांच्या अध्यक्षतेखाली, यावर जाहीर सुनावणी घेतली.

नियामकाची हत्यारे आणि त्यांची धार

एनआरसीचे कागद सगळे सारखे नसतात. या प्रकरणात वेळ कुठे गेला, ते त्यांच्या क्रमावरून कळते.

'माहिती सूचना' म्हणजे नुसते कळवणे. वाचा आणि आपल्याला लागू असेल तर बघा, उत्तर देण्याची सक्ती नाही. रिव्हर बेंडचे अपयश ऑगस्ट १९९१ मध्ये याच मार्गाने कळवले गेले. त्याआधी जूनमध्ये विशेष तपासणी पथक नेमले होते. डिसेंबरमध्ये बसवण्याच्या पद्धतींतल्या उणिवांवर आणखी एक सूचना निघाली. पथकाचा अंतिम अहवाल एप्रिल १९९२ मध्ये आला.

त्याच वर्षी जूनमध्ये टेक्सासच्या कोमान्चे पीक केंद्रासाठी सॅन अँटोनियोच्या ओमेगा पॉइंट लॅबोरेटरीजमध्ये चाचण्या झाल्या आणि सांधे पुन्हा उघडले. आता 'बुलेटिन' निघाले. बुलेटिनला उत्तर द्यावे लागते. २४ जून १९९२ च्या बुलेटिनने रुंद ट्रे आणि लहान नळ्यांवरची आवरणे निकामी धरून भरपाईचे उपाय, म्हणजे दुरुस्ती होईपर्यंतची पर्यायी दक्षता, करायला सांगितले.

जुलैमध्ये एनआरसीने स्वतः राष्ट्रीय मानक व तंत्रज्ञान संस्थेत छोट्या पॅनेलच्या चाचण्या करून घेतल्या. एक तासाच्या पॅनेलच्या मागच्या बाजूने सुमारे २२ मिनिटांत तापमानाची मर्यादा ओलांडली आणि ४६ व्या मिनिटाला पॅनेल जळून भोके पडली. तीन तासांच्या पॅनेलने साधारण २ तास २० मिनिटांत मर्यादा ओलांडली. इथे सांधा नव्हता, वळण नव्हते, बसवणाऱ्याची चूक नव्हती. नुसता सपाट पॅनेल होता. त्यामुळे 'बसवणाऱ्याने नीट बसवले नाही' हा बचाव संपला. २८ ऑगस्टला बुलेटिनच्या पुरवणीने सर्व आकारांच्या ट्रे-नळ्या, तसेच भिंती, छत आणि बंदिस्त कप्पे यांसाठी वापरलेले थर्मो-लॅग निकामी धरायला सांगितले. १७ डिसेंबर १९९२ च्या 'जेनेरिक लेटर'ने, म्हणजे सर्व केंद्रांना पाठवलेल्या पत्राने, प्रत्येक केंद्राकडून लेखी हिशेब मागितला: कुठे, किती, कोणत्या आकारावर आणि कोणत्या पुराव्यावर विसंबून.

ऑक्टोबर १९८९ पासून ऑगस्ट १९९२ पर्यंत जवळपास तीन वर्षे गेली. माझ्या मते यातला सगळ्यात महाग काळ रिव्हर बेंडच्या चाचणीपासून पहिल्या सूचनेपर्यंतचा. तेव्हा पुरावा हातात होता, पण तो एका केंद्राची अडचण समजला गेला. एकच साहित्य एकाच उत्पादकाकडून देशभर गेलेले असताना एका केंद्रातले अपयश सगळ्यांचेच असते.

आतले तापमान मोजा

मार्च १९९४ मध्ये एनआरसीने चाचणीचे निकष स्पष्ट केले. भट्टी प्रमाणित वक्रानुसार तापवायची: ५ मिनिटांत ५३८ अंश सेल्सियस, ३० मिनिटांत ८४३, तासाला ९२७ आणि तीन तासांना १,०५२. आवरणाच्या आत ट्रेच्या कडांवर आणि नळीवर दर सहा इंचांवर थर्मोकपल, म्हणजे तापमान मोजणारे संवेदक. सुरुवातीच्या तापमानापेक्षा सरासरी वाढ १३९ अंशांहून अधिक नको आणि कोणत्याही एका बिंदूवर १८१ अंशांहून अधिक नको. त्यानंतर पाण्याचा झोत मारून आवरणाला भोक पडते का ते पाहायचे. मर्यादा ओलांडली तर केबल डोळ्यांनी तपासायची, इन्सुलेशनचा रोध मोजायचा आणि ती केबल प्रत्यक्ष काम करू शकेल हे सिद्ध करायचे.

एका थर्मोकपलची मर्यादा स्वतंत्र का ठेवली, हे महत्त्वाचे आहे. सरासरीत सांध्याजवळचा एक तापलेला बिंदू लपतो. केबलचे इन्सुलेशन मात्र त्या एकाच बिंदूवर वितळते.

फायर वॉच वर्षानुवर्षे

आवरण निकामी ठरले की भरपाई म्हणून फायर वॉच, म्हणजे आगीवर नजर ठेवणारा माणूस, ठेवतात. आग ओळखणारी यंत्रणा असलेल्या भागात साधारणतः तासाला एक फेरी, नसेल तिथे चोवीस तास माणूस. काही आठवड्यांसाठी ही व्यवस्था योग्य आहे. थर्मो-लॅगच्या बाबतीत ती अनेक केंद्रांत कित्येक वर्षे चालली.

फेरी मारणारा माणूस धूर दिसला तर कळवतो. केबलला तासभर उष्णतेपासून वाचवणे त्याला शक्य नाही. आवरण निष्क्रिय संरक्षण देते: कुणी झोपले, कुणी विसरले, दिवे गेले, तरी ते काम करते. त्याच्या जागी माणसाची फेरी ठेवली की संरक्षणाचा प्रकारच बदलतो. नोंदवहीत मात्र दर तासाला सही पडत राहते आणि कागदावर सगळे सुरळीत दिसते. तात्पुरता उपाय मंजूर करताना संपण्याची तारीख न लिहिणे, ही मला या प्रकरणातली सर्वांत मोठी नियामक चूक वाटते. अनेक केंद्रांना १९९८ मध्ये वेळापत्रकासह आदेश द्यावे लागले, ते याच कारणाने. अमेरिकी संसदेच्या लेखापाल कार्यालयानेही २००८ च्या अहवालात दीर्घकाळ चालणाऱ्या भरपाई उपायांवर बोट ठेवले. १९९५ ते २००७ या काळात ५४ केंद्रांवर १२५ आगी लागल्या होत्या, असे त्याच अहवालात नोंदले आहे. त्यांतल्या एकाही आगीने अणुभट्टी सुरक्षित बंद करण्याची क्षमता गेली नाही.

दुरुस्ती

कुणी सांध्यांवर स्टेनलेस तारेचे टाके घालून वरून जाळी आणि लगद्याचा जादा थर दिला. लहान नळ्यांवर पाव इंचाचे जादा आवरण चढवले. कुणी दुसरे साहित्य बसवले, कुणी केबलच दुसऱ्या मार्गाने नेल्या. काहींनी फेरविश्लेषण करून दाखवले, की अमुक केबलला संरक्षणाची गरजच नाही.

थर जाड केला की दोन नवे प्रश्न येतात. आवरणातल्या केबलची स्वतःची उष्णता बाहेर जात नाही, म्हणून तिची विद्युतवहन क्षमता कमी धरावी लागते. उत्पादकाने ही घट कमी सांगितली होती, नंतरच्या मोजमापांत ती बरीच जास्त निघाली. ज्या पॉवर केबल आधीच मर्यादेजवळ होत्या, त्यांचे आयुष्य आवरणामुळेच कमी होऊ शकत होते. दुसरा प्रश्न वजनाचा: ट्रेचे आधार भूकंपाच्या गणितात बसतात का, हे पुन्हा तपासावे लागते. शिवाय १९९२ च्या चाचण्यांत थर्मो-लॅग स्वतः ज्वलनशील ठरले. म्हणजे काही खोल्यांतल्या जळणाच्या हिशेबात संरक्षक आवरणाचेच वजन मिळवावे लागले.

न्यायालयीन बाजू अशी: इंडस्ट्रियल टेस्टिंग लॅबोरेटरीज या प्रयोगशाळेने गुन्हा कबूल केला. थर्मल सायन्स आणि तिच्या अध्यक्षांवर खटला चालला, पण १९९५ मध्ये ज्युरीने त्यांना निर्दोष ठरवले. १९९६ मध्ये एनआरसीने कंपनीला ९ लाख डॉलरचा दिवाणी दंड प्रस्तावित केला.

तोच प्रश्न, दुसरे कापड

२००५ मध्ये एनआरसीने हेमिक या दुसऱ्या एक तासाच्या आवरणाची चाचणी केली. त्यात आत सिरॅमिक तंतूंची गादी आणि बाहेर सिलिकाचे कापड असते. कापड आकसले, सांधे उघडले आणि आवरण तासभर टिकले नाही. यावेळी नियामकाने स्वतः चाचणी मागवली होती. एप्रिल २००५ मध्ये माहिती सूचना आणि एप्रिल २००६ मध्ये जेनेरिक लेटर, हा थर्मो-लॅगच्या मानाने खूप कमी वेळ.

मग न्यू यॉर्क शहराच्या उत्तरेकडील इंडियन पॉइंट केंद्राच्या तिसऱ्या युनिटने सवलत मागितली. २००७ मध्ये एनआरसीने काही भागांत एका तासाऐवजी २४ मिनिटांचे आणि एका ठिकाणी ३० मिनिटांचे हेमिक चालेल असे मान्य केले. कारण दिले, की तिथे जळण कमी आहे आणि इतर संरक्षण आहे. तांत्रिकदृष्ट्या असा युक्तिवाद होऊ शकतो. पण लोकांचे म्हणणे न ऐकता सवलत दिल्याबद्दल न्यू यॉर्कचे आमदार रिचर्ड ब्रॉडस्की न्यायालयात गेले. जानेवारी २०१३ मध्ये अपील न्यायालयाने याच मुद्द्यावर प्रकरण एनआरसीकडे परत पाठवले. ते युनिट ३० एप्रिल २०२१ रोजी कायमचे बंद झाले.

भारतातला धडा त्याच महिन्यातला

वॉशिंग्टनमध्ये सुनावणी झाली त्याच मार्च १९९३ च्या ३१ तारखेला उत्तर प्रदेशातील नरोरा केंद्राच्या पहिल्या युनिटमध्ये टर्बाइनची पाती तुटली, हायड्रोजन आणि तेल पेटले, आणि आग केबलमार्गे पसरली. वेगवेगळ्या पुरवठ्यांच्या केबल पुरेशा अलग नव्हत्या. सुमारे १७ तास केंद्र विजेविना होते आणि धुरामुळे नियंत्रण कक्ष सोडावा लागला. कर्मचाऱ्यांनी डिझेल पंपांनी अग्निशमनाचे पाणी वाफनिर्मिती यंत्रांत सोडून अणुभट्टी थंड ठेवली. मुंबईतील अणुऊर्जा नियामक परिषदेने त्यानंतर केबल अलग करण्यावर आणि अग्निरोधक अडथळ्यांवर भर दिला. तारापूरच्या पहिल्या दोन अणुभट्ट्या ब्राउन्स फेरीप्रमाणेच जनरल इलेक्ट्रिकच्या उकळत्या पाण्याच्या आणि तिच्याही आधीच्या पिढीतल्या. केबल अंतराचे नियम येण्यापूर्वी बांधलेल्या केंद्रात आवरणांचा प्रश्न किती अवघड असतो, हे तिथे काम केलेल्यांना वेगळे सांगावे लागत नाही.

तपासणीला गेल्यावर

चाचणी अहवाल हातात घेऊन प्रत्यक्ष ट्रेपाशी उभे राहावे. अहवालात ट्रेची रुंदी किती, आणि समोर किती? पट्ट्यांमधले अंतर टेपने मोजावे. शक्य असेल तिथे एखादा सांधा उघडून आत लगदा पोहोचला आहे का ते बघावे. भिंतीतून ट्रे जातो तिथे आवरण आणि सील यांच्यात फट नको. आधाराचा लोखंडी कोन आवरणाबाहेर किती उघडा आहे, हेही पाहावे, कारण धातू उष्णता आत घेऊन जातो. अहवालावर सही करणाऱ्या प्रयोगशाळेने चाचणी स्वतः केली की नुसती पाहिली, हे लेखी मागावे. थर्मोकपलच्या नोंदी बिंदूनिहाय मागाव्यात, सरासरी पुरेशी नाही. शेवटी फायर वॉचची नोंदवही उघडून भरपाई कधी सुरू झाली ती तारीख शोधावी आणि दुरुस्तीच्या कामाच्या आदेशावर शेवटची तारीख लिहिली आहे का, ते पाहावे.